जुन्या जीपचं स्टेअरिंग कॉलम परत बसवल्यावर जड चालते, काय करायचं?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप, सीजे-३बी, रंगासाठी पूर्ण खोलली, कॉलम (व्हीलखालचा पाइप अन् त्यातला दांडा) खालच्या स्टेअरिंग बॉक्ससकट बाहेर काढला, पावडर कोटिंग करून आणला आणि परत बसवल्यावर तीन लफडे झाले. स्टेअरिंग एवढं जड की दोन्ही हातांनी ओढावं लागते, व्हील धरून वर-खाली केलं तर खटखट वाजते, आणि बॅटरीची वायर लावली की हॉर्न जे सुरू होते ते बंदच होत नाही. गावच्या मिस्त्रीनं बॉक्सवरचा स्क्रू ढिला करून पाहिला, जडपणा तेवढाच राहिला अन् वरून प्ले, म्हणजे व्हीलची रिकामी हालचाल, वाढला, आता तो म्हणते बॉक्स नवीन टाका.

बॉक्स घेऊ नका इतक्यात. तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत आणि मला वाटते त्यातली एकही बॉक्स बदलून जाणार नाही. मी वर्धा-आर्वी पट्ट्यात जुन्या जीपाच जास्त करत आलो, त्यात रंग करून आल्यावर स्टेअरिंग जड झालं ही तक्रार नेहमीची आहे.

पहिले काही खोलू नका. समोरून जॅक लावून दोन्ही चाकं उचला, खाली घोड्या नाही तर चांगले लाकडी ठोकळे द्या, नुसत्या जॅकच्या भरोशावर खाली शिरायचं नाही. ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवरचा दांडा) ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडं जाणारा रॉड) सोडवा आणि स्टेअरिंग फिरवून पाहा. हलकं झालं तर दुखणं खाली आहे, किंगपिनचे (चाक ज्यावर वळते ती पिन) बेअरिंग, टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणारा रॉड) एंड वगैरे. तेवढंच जड राहिलं तर वरचं पाहायचं. मग डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट ढिला करा, चेसिसला बॉक्स धरणारे बोल्ट पण एखाद फेर ढिले करा आणि परत फिरवा. बहुतेक वेळा इथंच स्टेअरिंग मोकळं होते आणि मालक तोंडाकडं पाहत राहते.

कारण सांगतो. या जीपमध्ये व्हीलपासून खाली बॉक्समधल्या कॅमपर्यंत (नाली पाडलेला भाग, पुढं सांगतो) एकच सरळ शाफ्ट आहे, मधात कुठं क्रॉस नाही, जॉइंट नाही. त्याचं खालचं टोक बॉक्सच्या बेअरिंगमध्ये, वरचं टोक बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगमध्ये, म्हणजे बॉक्स चेसिसवर अन् कॉलमचा वरचा भाग बॉडीवर. आता रंगासाठी बॉडी चेसिसवरून उचलली, खालचे जुने रबर फेकून नवीन जाड टाकले, की डॅशबोर्ड जुन्या जागेपासून सरकलाच समजा. पाव इंच सरकला तरी ब्रॅकेट बोल्टनं ओढून बसवायचा म्हणजे तुम्ही तो शाफ्ट वाकवून धरून ठेवला. मग खाली बॉक्समध्ये स्क्रू कितीही ढिला करा, जडपणा जात नाही, कारण तो स्क्रूचा नाहीच. ही जीप काढणार्‍या अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या मूळ मॅन्युअलमध्ये सुद्धा हेच लिहून आहे की बॉक्सचं कोणतंही ॲडजस्टमेंट करायच्या आधी ड्रॅग लिंक सोडा, डॅशचा ब्रॅकेट अन् बॉक्सचे बोल्ट ढिले करा, म्हणजे कॉलम आपोआप आपल्या रेषेत येते. आपल्याकडं हे कोणी करत नाही, डायरेक्ट स्क्रूला पेचकस.

तरी तुमच्या बाबतीत मी म्हणेन एकदा बाहेर काढाच. पावडर कोटिंग करायच्या आधी ते लोक सँडब्लास्ट करतात, त्याची वाळू पाइपच्या आत आणि बॉक्समध्ये गेली नसेल असं कोणी सांगू शकत नाही. आणि भट्टी १८०-२०० डिग्रीची राहते, वरचं बेअरिंग पाइपमध्येच ठेवून भाजलं असेल तर त्याचं ग्रीस कवाच जळून गेलं.

व्हील काढताना पुलर लावा. नट काढून शाफ्टच्या डोक्यावर हातोडी मारायची सवय आहे सगळ्यांना, तो दणका सरळ खाली कॅमच्या बेअरिंगच्या छर्‍यांवर जाते आणि छर्रे ज्यात फिरतात त्या कपात खड्डे पडतात, मग स्टेअरिंग फिरवताना हाताला कट-कट लागते आणि त्याला काही इलाज नाही, कप अन् छर्रेच बदलावे लागतात. बसवताना पण तेच, व्हील ठोकून बसवायचं नाही, नटानं ओढून बसवायचं. नट काढायच्या आधी व्हील अन् शाफ्टवर सेंटर पंचनं एक-एक खूण करा. ड्रॉप आर्मलाही तशीच. आता तुमचं आधीच खुणेविना खोलून झालं असेल तर त्याचं पुढं सांगतो.

बॉक्स खोलला की आत दोन मुख्य वस्तू. एक कॅम, म्हणजे शाफ्टच्या खालच्या टोकाला आटे पाडल्यासारखी खोल नाली, आणि दुसरा लिव्हर शाफ्ट, ज्याला दोन निमुळत्या पिना आहेत आणि त्या पिना कॅमच्या नालीत चालतात. रॉस कंपनीची रचना आहे ही. सगळं डिझेलमध्ये धुवा, मग रॉकेलमध्ये परत एकदा, आणि हवा मारा. छर्रे सुटे राहतात, वर-खाली दोन्हीकडं, म्हणून खोलताना खाली परात ठेवा आणि कोणत्या बाजूचे किती निघाले ते मोजून वेगळ्या डब्यात ठेवा. एखादा छर्रा हरवला, चपटा झाला किंवा त्यावर काळे ठिपके दिसले तर पूर्ण सेट नवीन टाका. जुन्यात एक-दोन नवीन मिसळले तर नवीन थोडे मोठे पडतात अन् सगळं वजन त्यांच्यावर जाते.

पिनांकडं नीट पाहा, इथंच बॉक्सचं आयुष्य ठरते. गोल निमुळती पिन एका बाजूनं सपाट झाली असेल, बोट फिरवलं की धार लागत असेल, तर ॲडजस्टमेंट करून काही फायदा नाही. कॅमची नाली पण मधल्या भागात पाहा, गाडी सरळ चालताना पिना तिथंच घासतात म्हणून झिज तिथंच पडते. ही नाली मुद्दाम अशी कापलेली राहते की मधात पिना थोड्या टाइट बसाव्या अन् दोन्ही टोकांना थोड्या ढिल्या. कॅम मधात जास्त झिजला असेल तर काय होते, तुम्ही मधला प्ले काढायला स्क्रू कसता आणि टोकाकडं वळवताना स्टेअरिंग अडकते. वळणावर अडकणारं स्टेअरिंग हे ढिल्यापेक्षा कितीतरी वाईट, व्हील परत येतच नाही. अशा कॅमला स्क्रू कसून जगवू नका. लिव्हर शाफ्टचे बुश हातानं हलवून पाहा, शाफ्ट बाजूला डगमगला तर बुश गेले, अन् बुश गेले की नवीन ऑइल सील टाकूनही तेल गळतेच.

आता बसवणी. यात क्रम महत्त्वाचा आहे, पहिले कॅमच्या छर्‍यांचं टाइट-ढिलं, मग पिनांचं, सगळ्यात शेवटी गाडीवर कॉलमची रेषा. उलटं केलं की पुढचं मागच्याला झाकते आणि मग दिवसभर शोधत बसा.

छर्रे ग्रीस लावून कपात चिकटवा म्हणजे पडत नाहीत. शाफ्ट आत टाका, वरचं कव्हर लावा. या कव्हरच्या खाली शिम राहतात, पातळ पत्र्याच्या, २ थाऊ, ३ थाऊ आणि १० थाऊ अशा जाडीच्या, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमचं व्हील वर-खाली खटखट करते ते याच्यामुळं, माझा अंदाज आहे की जुन्या शिम फाटल्या म्हणून मिस्त्रीनं जाड पॅकिंग कापून टाकली असेल. शिम कमी केल्या की छर्रे कसतात, वाढवल्या की ढिले होतात. पिना अजून कॅममध्ये घट्ट नसाव्या, साइड कव्हर लावलं असेल तर ढिलं ठेवा, नाही तर कोणता जडपणा कशाचा ते समजणार नाही. एक-एक पातळ शिम काढत जा, कव्हरचे बोल्ट दर वेळी सारखे कसा, शाफ्ट हातानं वर-खाली ओढून पाहा. खटखट संपली की थांबा. व्हील तात्पुरतं लावून अंगठा अन् एका बोटानं रिंग धरून फिरवा, किंचित ओढ लागली पाहिजे पण फिरलं पाहिजे सहज. बोटांना जोर द्यावा लागला तर ३ थाऊची एक शिम परत टाका. कव्हरवर शिमसोबत जाड कागदी पॅकिंग भरू नका, कागद दबते आणि महिन्याभरात परत खटखट सुरू.

मग लिव्हर शाफ्ट आत, पिना नालीत, साइड कव्हर पॅकिंग लावून पूर्ण कसायचं. आता शाफ्ट एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत फिरवा आणि फेरे मोजा, अर्धे फेरे मागे या, तो तुमचा मध्य. तिथं शाफ्टवर अन् पाइपवर खडूनं रेघ मारा. साइडचा स्क्रू या मध्यावरच ॲडजस्ट करायचा, दुसरीकडं कुठंच नाही. हळूहळू कसा आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा, मध्यातून जाताना हाताला एवढीशी, जाणवेल न जाणवेल अशी ओढ लागली की झालं. टोकांना थोडा प्ले राहते तो राहू द्या, तो दोष नाही. चेकनट कसताना स्क्रूला पेचकस लावून धरून ठेवा, तो सोबत फिरते आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. तुमच्या मिस्त्रीनं ढिला केलेला स्क्रू हाच, म्हणून प्ले वाढला.

पाइप चढवताना आतून कपड्याचा बोळा तारेला बांधून दोन-तीनदा ओढा, वाळू निघते की नाही पाहा. वरच्या बेअरिंगच्या जागेवर पावडर कोटिंगचा थर चढला असेल तर तो खरवडून काढा, नाही तर बेअरिंग तिरपं बसते. बेअरिंगच्या वर स्प्रिंगची सीट, तिच्यावर स्प्रिंग, मग व्हील. ही स्प्रिंग छोटी दिसते म्हणून डब्यातच राहून जाते कित्येकदा, ती नसली की खराब रस्त्यावर व्हील वाजत राहते आणि माणूस बॉक्सला दोष देते. सीट उलटी बसली तर घरघर येते. पाइप खाली बॉक्सच्या कव्हरवर क्लॅम्पनं धरतो, तो क्लॅम्प शेवटी कसायचा, आधी पाइप शाफ्टच्या चारही बाजूंनी सारखा दिसतो का पाहायचं.

हॉर्नचं सोपं आहे. या गाडीत हॉर्नच्या बटणाला प्लस येत नाही, बटण दाबलं की हॉर्नची वायर अर्थ होते आणि हॉर्न वाजते. म्हणजे तुमची वायर कुठंतरी आधीच अर्थ झाली, दुसरं काही नाही. जुन्या ठेवणीत वायर शाफ्टच्या पोकळीतून वर येते, नंतरच्यात पाइपला बाजूनं ब्रश राहते अन् आत गोल रिंग. वायर असेल तर प्लास्टिक कुठं सोललं ते शोधा, शक्यतो वायरच नवीन टाका, टेप लावू नका, उन्हाळ्यात आपल्याकडं बंद गाडीत टेपचा गोंद वितळून वाहते. ब्रश असेल तर त्याचा इन्सुलेटर फुटला का पाहा. आणि हे दुरुस्त केल्यावर उलटं होऊ शकते, हॉर्न वाजणारच नाही. कारण अर्थचा रस्ता शाफ्टमधून, बॉक्समधून चेसिसवर जाते आणि तुम्ही दोन्हीकडं पावडर कोटिंग करून बसले. बॉक्स चेसिसला जिथं टेकते तिथली जागा कानशीनं घासून चकचकीत करा, थोडं ग्रीस लावून मग बसवा.

गाडीवर चढवायला दोन माणसं पाहिजेत, एक खाली, एक सीटवर. बॉक्सचे बोल्ट फक्त हातानं लावा, डॅशचा ब्रॅकेट पण हातानंच. स्टेअरिंग पूर्ण इकडून तिकडं चार-सहा वेळा फिरवा, मध्यावर आणा, मग बॉक्सचे बोल्ट पूर्ण कसा. आता डॅशखाली जाऊन पाहा, कॉलम मोकळा असताना ब्रॅकेटपासून किती दूर आहे. जेवढं अंतर तेवढी पॅकिंग पट्टी टाका किंवा ब्रॅकेटचं भोक लांब करा, पण कॉलमला ब्रॅकेटकडं ओढू नका, ब्रॅकेटला कॉलमकडं न्या. एक नट कसला की व्हील फिरवून पाहा, दुसरा कसला की परत पाहा. ज्या नटानं जड होते तो तुम्हाला लगेच सापडते.

ड्रॉप आर्मची खूण नसेल तर असं करा. समोरची चाकं जमिनीवर एकदम सरळ, बॉक्स मध्यावर, आणि ड्रॅग लिंक न ओढता-ताणता ज्या दात्यावर जुळते तिथं आर्म लावा. मग गाडी परत उचलून दोन्हीकडं पूर्ण वळवा, चाकाचा स्टॉपर एक्सलला आधी लागला पाहिजे, बॉक्सचं आतलं टोक नंतर. एका बाजूला बॉक्स आधी अडकत असेल तर आर्म एक दाता चुकला. हे तपासलं नाही तर पूर्ण वळणावर सगळा जोर कॅमच्या टोकावर येते अन् पिन तुटू शकते. व्हील तिरपं दिसत असेल तर व्हील काढून दाता बदला, टाय रॉडनं व्हील सरळ करायला जाऊ नका, त्यात अलाइनमेंट बिघडते. ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना आत बॉलसीट अन् स्प्रिंग राहतात, दोन्हीकडची मांडणी सारखीच आहे असं समजू नका, काढताना पाहून ठेवा. प्लग टाइट करून थोडा मागे घ्या आणि कॉटर पिन नवीनच टाका, जुनी सरळ करून परत वाकवलेली नाही.

आणि या भागात वेल्डिंग कुठंच नाही. ड्रॉप आर्म नाही, शाफ्ट नाही, ड्रॅग लिंक नाही. आपल्याकडं ट्रॉलीचा हूक ते घराचं गेट सगळं एकाच वेल्डिंगवाल्याकडं जाते म्हणून मुद्दाम सांगतो. ही गाडी जुन्या ठेवणीची आहे, समोरून धडक बसली तर दबून जाणारा कॉलम नाही, सरळ लोखंडी दांडा छातीकडं येते, म्हणून क्लॅम्प, ब्रॅकेट, बोल्ट इथं काटकसर करू नका.

तेलाचं एक वेगळंच आहे. बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असते, पण सील गळते म्हणून सगळे ग्रीसगन लावून चेसिस ग्रीस भरून टाकतात. ग्रीस कॅमनं एकदा बाजूला सारलं की भिंतीला चिकटून बसते, परत नालीत येत नाही, आणि पिना कोरड्या चालतात. सील बदला, तेल भरा. सील लवकर जाण्याचं कारण आपली काळी माती, पावसाळ्यात पांदणीनं गेलं की ड्रॉप आर्मच्या मुळाशी चिखलाचा गोळा बसते, वाळला की दगडासारखा, अन् शाफ्ट फिरला की सीलचं ओठ कापते. धुताना तिथं हात घालून धुवा, नुसतं वरून पाणी मारून जमत नाही. आणि चाक चाकोरीत फसलं असताना गाडी उभी ठेवून स्टेअरिंग ताकदीनं ओढू नका, सपाट झालेल्या पिना मी अशाच गाड्यांच्या जास्त पाहिल्या, डांबरी रोडवरच्या नाही.

हे सगळं करून पण व्हीलच्या रिंगवर दीड-दोन इंचाचा प्ले राहिला तर बॉक्सला परत हात लावू नका. एकाला व्हील हळूहळू इकडं-तिकडं हलवायला बसवा आणि स्वतः खाली झोपून एक-एक जोडावर हात ठेवा, ड्रॉप आर्म हलला आणि पुढचा जोड नाही हलला तर प्ले तिथं. ज्या जीपला समोर बेलक्रँक (ड्रॅग लिंक अन् टाय रॉडच्या मधला फिरता जोड) आहे तिचा बेलक्रँकचा पिन-बुश हा नेहमीचा गुन्हेगार, त्याच्यापायी कित्येक चांगले बॉक्स भंगारात गेले.

कोणाकडं ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी असेल तर यातलं सगळं जसंच्या तसं लावू नका. ॲम्बेसेडरला रॅक-पिनियन आहे, हा कॅमवाला बॉक्सच नाही, आणि पद्मिनीचा बॉक्स वर्म-सेक्टरचा. शिवाय जुन्या ॲम्बेसेडर अन् पद्मिनीत गिअरचा दांडा व्हीलजवळ राहते, म्हणून कॉलमसोबत गिअरचे रॉड पण जोडावे लागतात, ते न्यूट्रलमध्ये ठेवून जुळवायचे. कॉलम मोकळा ठेवून रेषेत आणायचा अन् मग ब्रॅकेट कसायचा, एवढं मात्र तिन्हीकडं सारखंच.

सामान घेताना एक ध्यानात ठेवा. सीजे-३बी विलीजनं १९५३ मध्ये काढली, अमेरिकेत १९६८ ला बंद पडली, पण महिंद्राची पुढं कितीतरी वर्षं निघत राहिली, त्यामुळं आपल्या भागातल्या जीपांमध्ये एकाचा बॉक्स, दुसर्‍याचा कॉलम, तिसर्‍याचं व्हील असं सर्रास आहे. नुसतं मॉडेलचं नाव सांगून शिम-सील मागवू नका, जुना नमुना खिशात टाकून अमरावती नाही तर नागपूरच्या जुन्या स्पेअरवाल्याकडं जा आणि काउंटरवर मोजून घ्या. व्हीलचे दाते पण शाफ्टवर हातानं बसवून पाहा, थोडे जरी वेगळे असले तरी नट कसल्यावर बसल्यासारखं वाटते आणि नंतर दाते कापले जातात.

पहिल्या दिवशी गावातल्या गावात, हळू चालवा. वळणावरून व्हील आपोआप सरळ येते का ते पाहा. येत नसेल तर आधी डॅशचा ब्रॅकेट ढिला करून परत चालवून पाहा, मगच साइडच्या स्क्रूकडं जा. आठवडाभरानं बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट परत कसा, पावडर कोटिंगचा थर दबला की ते ढिले होतातच. लिव्हरच्या पिनांचा फोटो दोन्ही बाजूंनी, उजेडात काढून मला पाठवा, त्या पाहिल्याशिवाय बॉक्स ठेवायचा की नाही हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही.